काचेची खोली आणि खळीचा वास

जिन्यातल्या बायका तिला ऐकूबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायचं तर ती ऐकेल, आणि एकदा ती ऐकायला लागली की समोरच्याच्या पोटातलं ओठावर आल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या मजल्यावरची शिवणवाली एकदा तिच्याकडे फक्त कात्री मागायला गेली होती. पाऊण तासाने लग्नाआधीचं एक जुनं प्रकरण सांगून, डोळे पुसत खाली आली आणि कात्री तिथेच विसरली. तेव्हापासून जिन्यात ऐकूबाई दिसली की शिवणवाली छताकडे बघत उतरते. एकदा त्यामुळे घसरलीही.

ऐकूबाई विद्यापीठात समुपदेशक आहे. म्हणजे नक्की काय, ते तिच्या सासूबाई सगळ्यांना सांगतात. "पोरं येतात, रडतात, ही 'हं' म्हणते आणि पगार घेते. मी चाळीस वर्षं हिच्या सासऱ्याचं ऐकलं, मला कुणी छदाम दिला नाही."

सासूबाईंनी सुनेच्या 'हं'चा अभ्यासच केला आहे. त्यांच्या मते एकूण पाच प्रकार. पहिलं म्हणजे ऐकतेय. दुसरं म्हणजे पुढे बोला. तिसरं म्हणजे तुम्ही खोटं बोलताय पण चालू द्या. चौथं म्हणजे आता रडलात तरी हरकत नाही. आणि पाचवं फक्त घरी वापरायचं, त्याचा अर्थ काहीच ऐकलेलं नाही. "कान कामावर ठेवून येते," सासूबाई म्हणतात. "बाहेरच्यांची गाऱ्हाणी ऐकायला शिक्षण घेतलंय, घरच्यांची ऐकायला डोकं दुखतं."

त्यावर ऐकूबाई म्हणते, "हं."

"हे पाचवं," सासूबाई मुलाकडे बघून म्हणतात. मुलगा, म्हणजे ऐकूबाईचा नवरा, चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि घरी आल्यावर दोघींकडे शक्यतो बघत नाही.

ऐकण्याचं हे खूळ माहेरचं. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. आलेलं घड्याळ उघडण्याआधी ते कानाला लावून डोळे मिटून बसायचे, आणि गिऱ्हाइकाने "काय झालंय?" असं विचारलं की म्हणायचे, "मला नका विचारू, त्याला सांगू दे." गिऱ्हाइकं चिडायची. शेजारच्या दुकानदाराने तोवर तीन घड्याळं उघडून त्यातली दोन बिघडवलेली असायची, पण लोकांना ते बरं वाटायचं, काहीतरी चाललंय असं दिसायचं. मुलगी स्टुलावर बसून हे सगळं बघायची. आपल्या बापाला धंदा येत नाही, हे तिला तेव्हाच कळलं होतं. तरीही पुढे तिने त्याच्यासारखाच धंदा निवडला, याला काय म्हणावं.

विद्यापीठात तिची खोली ग्रंथालयाच्या मागच्या बोळात होती. एका अंगाला कोळिष्टकं आणि मोडक्या खुर्च्या, दुसऱ्या अंगाला पुस्तकबांधणीची खोली. खिडकी एक, पंखा एक, आणि दाराला कडी नाही. कडी सहा वर्षांपूर्वी मोडली होती. एखादी मुलगी रडायला लागली की नेमकं त्याच वेळी दार आपोआप उघडायचं आणि करकरायचं. म्हणून ऐकूबाई दाराला आतून खुर्ची लावायची आणि खुर्चीवर विश्वकोशाचा चौथा खंड ठेवायची. त्या खंडाचा विद्यापीठात तेवढाच उपयोग झाला.

सहा वर्षं ती दर वर्षी एकच अर्ज करत आली होती. दोन मागण्या: एक, दुसरा समुपदेशक, कारण विद्यार्थी नऊ हजार आणि ती एक. दोन, कडी. सहा वर्षं अर्ज वर जायचा आणि 'विचाराधीन' असा शेरा घेऊन खाली यायचा. विचार करायला माणसं कमी पडत असावीत.

पण मुलं येत. आणि येण्याची एक रीत पडली होती. विद्यापीठात रडायला जाताना कुणी बघितलं तर आठवडाभर चर्चा होते. म्हणून येणारा प्रत्येक जण हातात एखादं जाडजूड पुस्तक घेऊन यायचा. वाटेत कुणी हटकलं तर म्हणायचं, बांधणीला देतोय. बोळात शिरलं की डावीकडे वळायचं ते उजवीकडे वळायचं, बस्स. ज्यांच्याकडे पुस्तक नसे त्यांच्यासाठी बाइंडरमामांनी बोळाच्या तोंडाशी एक फळी ठेवली होती. तिच्यावर पाठी निखळलेले, कुणालाच नको असलेले ग्रंथ. एक उचलायचा, जाताना परत ठेवायचा.

बाइंडरमामा म्हणजे तीस वर्षं त्या खोलीत खळ लावणारा माणूस. बोटांवर वाळलेली खळ कायमची, जणू दुसरी कातडी. ऐकूबाईशी त्यांचं बोलणं बेताचंच.

"बाई, आज सात."

"हो."

"एक पोरगा ग्रंथ उलटा धरून चालला होता. त्याला शिकवा काहीतरी."

महिन्याला एकशे चाळीस-पन्नास मुलं अशी त्या बोळातून जात-येत. कुणाचा वर्ग बुडायचा थांबला, कुणी घरी फोन केला, कुणी नुसतंच झोपायला लागलं. ऐकूबाई प्रत्येक महिन्याचा आकडा, फक्त आकडा, नावं नाहीत, वर पाठवायची. ते आकडे वर काय करायचे कुणास ठाऊक.

मग आला तुकतुकीत.

त्याचं पद होतं विद्यार्थी-कल्याण संचालक. आधी तो गाद्यांच्या कंपनीत होता, आणि माणसाला आराम कसा वाटतो हे आपल्याला कळतं, असं त्याचं मत होतं. चेहरा असा की नुकतीच साल काढलेली. सारखा हसायचा. कुणी मेल्याची बातमी सांगितली तरी आधी हसू यायचं आणि मग घाईघाईने खाली उतरायचं. पहिल्याच आठवड्यात तो बोळात आला, कोळिष्टकं बघून दोन पावलं मागे सरला, आणि रुमालाने चेहरा टिपत ऐकूबाईच्या दारात उभा राहिला.

"मॅडम, इथे येतं कोण? बाहेरून काही दिसतच नाही."

"म्हणून तर येतात."

तो खळखळून हसला. त्याला वाटलं विनोद केला. ऐकूबाईने तिसरं 'हं' म्हटलं आणि अर्जाची सहावी प्रत पुढे केली. त्याने ती वाचली, निदान डोळे तरी फिरवले. "कर्मचाऱ्यांना आधार हवाय. अगदी बरोबर. तुमचीच काळजी कुणी घेतली नाही आजवर. मी घेतो."

आणि घेतली. 'काळजी घेणाऱ्यांची काळजी' नावाची कार्यशाळा लावली, तीन तासांची, हजेरी सक्तीची, परीक्षेच्या पहिल्या सकाळी. त्या सकाळी ऐकूबाईकडे सात मुलं यायची होती. त्यातली दोन अशी की पेपरला बसायचं की घरी पळायचं, हे तिच्या खोलीतच ठरणार होतं. सातही जणांना तिने आदल्या दिवशी बोलावलं आणि एकामागून एक ऐकलं, शेवटच्याला बोळात उभ्याउभ्या. दुसऱ्या दिवशी ती सभागृहात जाऊन बसली. विभागात माणूस ती एकच, त्यामुळे खुर्च्या भराव्यात म्हणून माळीकाका, वसतिगृहाची मेट्रन आणि दोन कारकून बोलावले होते. सगळ्यांनी गोट्यांवर रंग दिला. मग प्रशिक्षिका म्हणाली, डोळे मिटा, एका नदीची कल्पना करा. ऐकूबाईला गाढ झोप लागली. अहवालात लिहिलं गेलं: उपक्रमाचा तत्काळ आणि सखोल परिणाम दिसून आला.

शेवटी प्रत्येकाला एक मग मिळाला. त्यावर छापलं होतं: तुम्ही एकटे नाही. एका माणसाच्या विभागात हा मग वाटताना तुकतुकीतच्या चेहऱ्यावरची एक शीर हलली असेल तर शपथ.

रोग म्हशीला आणि औषध पखालीला, तशी पुढची गोष्ट. दुसरा समुपदेशक नाही, कडी नाही. पण खोली नवी. मुख्य इमारतीच्या दर्शनी दालनात, फी भरायची खिडकी आणि निकालाचा फळा यांच्या बरोबर मध्ये, चारी बाजूंनी काचेची. "दृश्यमानता," तुकतुकीत म्हणाला. "मनाचं बोलणं लपवायचं कशाला? लोकांना दिसलं की लाज जाते." आत केशरी रंगाच्या पोत्यासारख्या सहा गाद्या. माणूस त्यात बसला की गुडघे कानाशी येतात. दारावर 'मोकळा श्वास' अशी पाटी. खिडकी एकही नव्हती. चौकटीत एक इलेक्ट्रॉनिक डोळा बसवला, आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाला तो मोजायचा आणि आकडा थेट तुकतुकीतच्या टेबलावर उमटायचा. त्याला बिचाऱ्याला ऐकायला नाही, निदान मोजायला तरी आवडायचं.

पहिल्या दिवशी ऐकूबाई त्या काचेत बसली. फीच्या रांगेतली चाळीस माणसं तिच्याकडे बघत होती, आणि रांग सरकायची नाही त्यामुळे नीट, सावकाश बघत होती. तिने पदर सारखा केला, टेबलावरचा मग डावीकडून उजवीकडे ठेवला, परत डावीकडे ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिला कळलं की आपल्याकडे येणाऱ्याला दारापर्यंत यायला किती जड जातं. बावीस वर्षांच्या धंद्यानंतर कळलं. कुणी म्हणेल उशीरच झाला, आणि त्याचं काही चुकणार नाही.

पहिल्या महिन्यात चार माणसं आत आली. एकाला फीची खिडकी कुठे ते विचारायचं होतं. एकाला फोन चार्ज करायचा होता. एक जण गादीत बसला आणि तासभर घोरला, त्याला उठवायला दोघांनी हात द्यावे लागले. चौथा खुद्द तुकतुकीत, फोटोग्राफरला घेऊन.

आणि तिची मुलं काचेबाहेरून जात होती. अनोळखी असल्यासारखी. त्यात एक होती, तपकिरी कोट घालणारी, गेलं सत्रभर दर बुधवारी यायची. पेपरात बसली की हात थरथरतो, लिहिता येत नाही, आणि घरी वाटतं की पोरगी पहिली येते आहे. ती छातीशी जाडा ग्रंथ धरून काचेसमोरून गेली. वळून परत आली. परत गेली. चौथ्यांदा तिने आत बघितलं, रांगेकडे बघितलं, आणि निकालाचा फळा वाचायला लागली. फळ्यावर त्या दिवशी काहीच लावलेलं नव्हतं.

महिन्याअखेर बैठक. तुकतुकीतने भिंतीवर आलेख टाकला. मागच्या महिन्यात एकशे त्रेचाळीस, या महिन्यात चार. रेघ उतरत उतरत जमिनीला टेकलेली.

"मित्रांनो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच भरून आला, "आपल्या विद्यापीठातला तणाव एका महिन्यात सत्त्याण्णव टक्क्यांनी घटला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उच्चशिक्षित लोक होते सगळे. दोघं तर गणिताचे.

ऐकूबाई उभी राहिली. "साहेब, दवाखान्याला कुलूप लावलं तर रोगी कमी होतात. रोग नाही."

"वा," तुकतुकीत म्हणाला. "छान वाक्य आहे. भिंतीवर लावू या."

चेष्टा वाटेल, पण खरंच लावलं. निळ्या अक्षरांत, तिच्याच काचेवर, बाहेरून वाचता येईल असं. आतून ते तिला उलटं दिसायचं.

त्याच आठवड्यात पत्र आलं. मागणी घटल्यामुळे पुढच्या सत्रापासून समुपदेशकाचं पद अर्धवेळ करण्याचा प्रस्ताव आहे. पुढे गरजेनुसार बोलावण्यात येईल. निर्णय सहा आठवड्यांनी समितीच्या बैठकीत. म्हणजे सहा वर्षं एकाचे दोन मागितले, आणि मिळत होता अर्धा.

घरी तिने पत्र टेबलावर ठेवलं. सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं.

"म्हणजे तुझं काम इतकं चांगलं झालं की तू नकोस?"

"तसं नाही, आई."

"मग इतकं वाईट?"

"तसंही नाही."

"मग त्या माणसाला अक्कल नाही असं सरळ सांग ना. एवढं मोठं पत्र कशाला वाचायला लावलंस?"

नवऱ्याने पत्र हातात घेतलं, काचेसारखं उजेडात धरलं आणि खाली ठेवलं. "पोरं कुठे जातायत मग?" त्याने विचारलं. घरातल्या तिघांत कधी नव्हे ते पहिल्यांदा त्याने नेमका प्रश्न विचारला.

उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं. जेवणाच्या सुट्टीत ती सवयीने जुन्या बोळात गेली. बांधणीच्या खोलीचं दार उघडं होतं. आत तपकिरी कोटवाली मुलगी खाली स्टुलावर बसून पानांच्या घड्या दोऱ्याने शिवत होती. टाके वाकडे पण एकसारखे. मामा टेबलाशी खळ ढवळत होते.

"चार दिवस येतेय," मामा म्हणाले. मान वर न करता. "बोलत नाही. मी म्हटलं, नको बोलू, शीव."

"हात थरथरत नाहीत," मुलगी म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही.

ऐकूबाई दारात उभी राहिली. मग आत आली आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसली. मुलीने आणखी एक टाका घातला, मग सुई थांबली. "बाई, तुम्ही परत इथे याल?"

"येते."

"माझं कुठे लिहू नका मात्र. त्या डोळ्यात नाही, कागदावर नाही. कुणाच्या मोजणीत नको मला."

"नाही लिहिणार."

हे वचन दिलं तेव्हा त्याची किंमत तिला ठाऊक होती. आकडा दाखवल्याशिवाय पद वाचणार नाही, आणि आकडा दाखवायचा नाही असं वचन तिने देऊन टाकलं. इतकी शिकलेली बाई, पण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताना तिने वजन तपासून घेतलं, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवसापासून काचेच्या दारावर पाटी लागली: जेवणाची वेळ, साडेबारा ते तीन. तुकतुकीतने हटकलं तेव्हा ती म्हणाली, "मला सावकाश जेवायची सवय लागलीय. तुमच्या कार्यशाळेतच सांगितलं होतं, प्रत्येक घास जाणिवेने घ्या." त्याला इतका आनंद झाला की त्याने तिच्याकडून तसं लेखी मागितलं.

आणि बोळ पुन्हा वाहायला लागला. फळीवरचे ग्रंथ हलायला लागले. ऐकूबाईच्या जुन्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या भरल्या होत्या. खोली एकच, म्हणून मामा त्या अडीच तासांत बाहेर बोळात बसायचे, मांडीवर फळी घेऊन पुस्तकाच्या पाठीवर, ती गोल यावी म्हणून, हातोडी ठोकायचे. आतलं बाहेर ऐकू येऊ नये इतका आवाज. आत मोठंच रडू फुटलं तर ते दोन ठोके जास्त द्यायचे. त्या महिन्यात विद्यापीठातल्या पुस्तकांच्या पाठी जितक्या गोल झाल्या तितक्या कधी झाल्या नसतील.

एकच अडचण होती. बोळात जाणाऱ्या प्रत्येकाची, नाव न लिहिता, नोंद ग्रंथालयाच्या वहीत करायची, हा जुना नियम. पूर्वी दोन रकाने होते, समुपदेशन आणि बांधणी. समुपदेशन काचेत गेलं तसा तो रकाना खोडला. आता उरला एकच.

"काय लिहू?" दारावरच्या पहारेकऱ्याने मामांना विचारलं.

"पुस्तक दिसतंय ना हातात?"

"दिसतंय."

"मग जे दिसतं ते लिही. साहेबांना दिसण्याची फार हौस आहे."

सहा आठवडे असे गेले. समितीच्या दिवशी ऐकूबाईने इस्त्रीची साडी नेसली. सासूबाई दारापर्यंत आल्या, त्या सहसा येत नाहीत. "तिथे जाऊन 'हं' म्हणू नकोस," त्या म्हणाल्या. "बोल."

"बोलता येणार नाही, आई. शब्द दिलाय."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. "मग निदान चौथं म्हण. त्यांना रडू येऊ दे."

समितीत अध्यक्षबाई होत्या, ज्यांचं एक लक्ष मनगटावरच्या घड्याळात. ग्रंथपाल होते, ज्यांना बोलायची सवय नव्हती. आणि तुकतुकीत, आलेखासह. रेघ अजून जमिनीवरच होती. सहा आठवड्यांत पाच माणसं.

"तर पद अर्धवेळ करायला हरकत नसावी," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मॅडम, तुमचं काही म्हणणं?"

ऐकूबाईच्या जिभेच्या टोकावर दोनशे मुलं होती. तिने पाण्याचा घोट घेतला. "माझ्याकडे याहून वेगळा आकडा नाही," ती म्हणाली. "आकडा नाही म्हणजे मुलं नाहीत, असं मात्र मी म्हणत नाही."

"सुंदर," तुकतुकीत म्हणाला, आणि वहीत उतरवून घेतलं.

अध्यक्षबाईंनी कागद उलटला. "पुढचा विषय, ग्रंथालय. ग्रंथपाल, काही विशेष?"

ग्रंथपाल खाकरले. वही उघडून त्यांनी ऐकूबाईकडे क्षणभर बघितलं. माणूस मुखदुर्बळ असला तरी आंधळा नव्हता. त्यांच्या खिडकीतून बोळ दिसायचा. "विशेष म्हणजे बांधणी," ते म्हणाले. "पूर्वी महिन्याला दहा-अकरा जण. आता एकशे अडतीस. वाढ मोठी आहे. कारण मी सांगू शकत नाही."

तुकतुकीत खुर्चीत पुढे सरकला. एकशे अडतीस हा आकडा ऐकून त्याच्या चेहऱ्याला नव्याने तेल लावल्यासारखं झालं. कारण विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. आकडा मोठा असला की कारण त्याचं त्यालाच सुचायचं.

"हेच ते," तो म्हणाला. "तणाव का घटला ते मला आत्ता कळलं. मुलं हाताने काम करतायत. कागद, दोरा, स्पर्श. हस्तकलेतून स्वास्थ्य. मॅडम, तुम्हाला हे जाणवलं नव्हतं?"

"हं," ऐकूबाई म्हणाली. तिसरं.

पुढच्या दहा मिनिटांत त्याने जे केलं ते शत्रूनेही केलं नसतं आणि मित्राला जमलं नसतं. बांधणी विभाग तातडीने काचेच्या खोलीत आणायचा, सगळ्यांना दिसेल असा. समुपदेशनाला मागे मोकळी होणारी खोली द्यायची, तशी तिला फार जागा लागत नाहीच. आणि एवढ्या मोठ्या प्रकल्पाला पूर्णवेळ प्रमुख हवा, हाताशी एक साहाय्यक हवा. विद्यार्थ्यांच्या मनाची जाण असलेलं माणूस असेल तर उत्तम. "मॅडम, तुम्ही अर्ध्या दिवसासाठी थांबणारच आहात, तर पूर्ण दिवस याचंच काम बघाल का? साहाय्यक तुम्हीच निवडा."

अध्यक्षबाईंनी घड्याळ बघितलं आणि सही केली. सहा वर्षं समुपदेशनाच्या नावावर न मिळालेलं माणूस दहा मिनिटांत खळ आणि दोऱ्याच्या नावावर मिळालं. ग्रंथपालांनी वही मिटली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

पण ऐकूबाईचा चेहरा उतरला. बोळात बांधणीच नसेल तर ग्रंथ छातीशी धरून तिथे जायचं कशाला? बहाणा गेला की मुलं गेली. ती तशीच मामांकडे गेली आणि सगळं सांगितलं.

मामांनी ढवळायचं थांबवलं. "काचेच्या खोलीला खिडकी आहे?"

"नाही."

"बरं," मामा म्हणाले आणि परत ढवळायला लागले.

खळ म्हणजे मैदा, पाणी आणि वाळवी लागू नये म्हणून थोडं मोरचूद. ताजी असेल तर वास सौम्य. पण तीन-चार दिवस झाकून ठेवली आणि मग पुन्हा आटवली तर काय होतं, ते तीस वर्षांत मामांनी कुणाला दाखवलं नव्हतं. आता त्यांना सगळ्यांना दिसेल अशी जागाच मिळाली. पहिल्या दिवशी फीच्या रांगेतली माणसं नाकाला हात लावून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी रांगच दिसेना, लोक फी भरायला यायचे थांबले. केशरी गाद्यांनी वास असा शोषून घेतला की त्या जाळायलाही कुणी हात लावेना. पाचव्या दिवशी तुकतुकीत काचेत आला आणि तोंड उघडण्याआधीच बाहेर गेला. तेवढं मात्र इलेक्ट्रॉनिक डोळ्याने मोजलं.

नवव्या दिवशी मामा आपल्या हातोडीसह बोळात परत. आदेशात लिहिलं होतं: तांत्रिक कारणास्तव. जुन्या खोलीतल्या खुर्च्या बाहेर निघाल्या, आता बोळात दोन खोल्या, दोन्ही चालू. साहाय्यक म्हणून ऐकूबाईने एक तरुण समुपदेशक निवडली. मुलाखतीत तुकतुकीतने तिला विचारलं, पुस्तक शिवता येतं का. ती म्हणाली, शिकेन. तपकिरी कोटवाली मुलगी तिला बुधवारी शिकवते. परीक्षेला ती बसली. हात थोडा थरथरला, म्हणे, पण अक्षर लागलं.

तुकतुकीतला त्या वर्षी उत्कृष्ट उपक्रमाचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्याने ते काचेच्या खोलीत लावलं. तिथे आता कुणी जात नाही, त्यामुळे ते त्याच्या एकट्याचंच आहे.

कडीचा अर्ज ऐकूबाईने सातव्यांदा पाठवला. शेरा आला: बांधणी विभागाशी संपर्क साधावा. मामांनी तो वाचला, पुस्तकांच्या पाठीला लावतात तो जाड कापडाचा पट्टा कापला, दुहेरी शिवला आणि दोन खिळ्यांवर दाराला अडकवला. विश्वकोशाचा चौथा खंड फळीवर गेला, येणाऱ्यांसाठी. आणि कार्यशाळेतला तो मग मामांनी मागून घेतला. त्यात आता खळीचे ब्रश असतात.

"काय छापलंय त्यावर?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"तुम्ही एकटे नाही," ऐकूबाईने सांगितलं.

"ब्रशांना ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या.